रस्त्याला हे नाव केव्हापासून? गल्ली-चौकाच्या नावाचा माग काढण्याची पद्धत

मराठवाड्यातल्या जुन्या शहरांत एकाच रस्त्याला दोन-तीन नावं सहज सापडतात. एक पाटीवर असतं, एक रिक्षावाल्याच्या तोंडी आणि एक फक्त ऐंशी ओलांडलेल्यांना ठाऊक. नावामागची कहाणी सांगणारेही भरपूर भेटतात, आणि प्रत्येकाची कहाणी वेगळी निघते. म्हणून 'हे नाव का पडलं?' इथून सुरुवात करू नये. माणूस कहाण्यांतच गुंतून पडतो. आधी विचारायचं ते 'हे नाव केव्हापासून आहे?' एखादं नाव कागदावर पहिल्यांदा कधी दिसतं आणि कधीपासून दिसेनासं होतं, ही दोन टोकं हाती लागली की निम्म्या कहाण्या आपसूक गळून पडतात.

छत्रपती संभाजीनगरातला उस्मानपुरा घ्या. नाव ऐकताच सातवे निजाम मीर उस्मान अली खान डोळ्यांपुढे येतात. पण त्यांचा जन्म १८८६ चा आणि ते गादीवर आले १९११ साली. तेव्हा हे नाव १८८६ च्या आधीच्या एका जरी कागदात मिळालं, तरी त्यांच्याशी जोडलेली कहाणी तिथंच संपते. नाही मिळालं, तर ती शक्यता म्हणून उभी राहते. सिद्ध मात्र होत नाही. पुढचं सगळं काम याच चालीनं करायचं आहे.

आधी रस्ता ठरवा

कामाला लागण्यापूर्वी रस्ता कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते लिहून काढा. जुन्या शहरात नाव रस्त्याच्या रेषेला नसायचं. ते दरवाज्याला, बाजाराला, मोहल्ल्याला किंवा पुऱ्याला असायचं. रस्त्याला 'अमुक मार्ग' किंवा 'तमुक पथ' म्हणण्याची रीत नगरपालिकांच्या पाट्यांबरोबर रुळली. त्यामुळे पैठण गेट ते गुलमंडी हा पट्टा कागदावर टिळकपथ असला तरी बोलताना त्याचे तुकडे पडतात: या टोकाला 'पैठण गेटला' जायचं, त्या टोकाला 'गुलमंडीवर' जायचं. रस्त्याचं जुनं नाव शोधताना तो ज्या मोहल्ल्यांतून जातो त्या सगळ्यांची नावं शोधावी लागतात, ती यासाठी.

मोबाइलवरच्या नकाशाचा तेवढा भाग ए-थ्री कागदावर छापून घ्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला क्रमांक द्या. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० प्रमाणाची पत्रकं मिळवण्यात वेळ घालवू नका. त्यांत १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. गल्लीबोळ दिसणारच नाहीत. गल्लीच्या पातळीवर उपयोगी पडतात ते नगर भूमापन कार्यालयाचे १:५०० प्रमाणाचे नकाशे, त्यांत १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर. त्यांच्याकडे पुढे येऊच.

पायी फेरी आणि नोंदवही

सकाळी दुकानं उघडायच्या आधी एक फेरी मारा. शटर खाली असताना वरच्या जुन्या पाट्या आणि भिंतीवरची पुसट अक्षरं दिसतात. दुसरी फेरी दुपारी, दुकानदाराला सवड असते तेव्हा. पाहायचं ते एवढंच नाही की महापालिकेची पाटी काय म्हणते. जुनं नाव सहसा तिथं टिकतच नाही. ते टिकतं बँकेच्या शाखेच्या आणि टपाल कार्यालयाच्या नावात, शाळेच्या आणि तालमीच्या पाटीवर, मंदिरातल्या देणगीदारांच्या फरशीवर, मशिदीच्या नावात, सिटी बसच्या थांब्यात आणि वीज कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातल्या डीपीच्या नावात. लाइनमनला 'या डीपीला तुम्ही काय म्हणता?' असं जरूर विचारा. डीपी बसवली त्या वेळचं परिसराचं नाव तिला चिकटलेलं असतं आणि ते बदलायला कुणी जात नाही.

नोंदवहीत प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ द्या आणि रकाने असे पाडा: नाव जसं लिहिलंय अगदी तसं, लिपी, कुठे आहे, त्या वस्तूवर साल असल्यास ते, फोटोचा क्रमांक. शुद्धलेखन सुधारू नका. एका पाटीवर 'मकई' आणि दुसरीवर 'मक्का' असेल, तर दोन्ही जशीच्या तशी उतरवा. हा फरकच पुढे पुरावा होतो.

शिलालेखाचा फोटो सकाळी आठ-नऊच्या सुमारास किंवा उन्हं कलताना घ्या. तिरप्या उजेडात खोदलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं; भर दुपारी सगळं सपाट होतं. दगडावर खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. दगड खराब होतो, आणि संरक्षित वास्तू असेल तर तो गुन्हाही आहे.

माणसांना विचारताना

'याला अमुक का म्हणतात?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी तो विचारला की समोरचा आठवणीतलं न सांगता ऐकीव गोष्ट सांगतो. सुरुवात अशी करा: 'काका, तुम्ही शाळेत जायचात तेव्हा या रस्त्याला काय म्हणायचे?' 'आजी, लग्न होऊन आलात तेव्हा टांगेवाल्याला पत्ता काय सांगायचात?' 'चाचा, दुकानाच्या पहिल्या बिलावर पत्ता काय छापला होता?' या प्रश्नांना उत्तर म्हणून थेट नाव येतं.

साल आठवत नसतं, पण मोठ्या घटनेच्या आधी की नंतर हे पक्कं आठवतं. मराठवाड्यात अशा खुणा चांगल्या आहेत: १७ सप्टेंबर १९४८ ला संपलेली पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला ते १९७८, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप, १४ जानेवारी १९९४ चा विद्यापीठाचा नामविस्तार. 'पाटी बदलली ती भूकंपाच्या आधी की नंतर?' असं विचारलं की दहा वर्षांचा अंदाज दोन वर्षांवर येतो. पोलीस ॲक्शनचा उल्लेख करताना मात्र सांभाळून बोला. अनेक घरांतली माणसं त्या दिवसांत गेलेली आहेत. कुणी विषय टाळला तर तो तिथंच सोडावा.

एकाच गल्लीतल्या किमान तीन घरी विचारा, आणि ती घरं एकमेकांची नातलग नसावीत. तिघांनी एकच गोष्ट शब्दाला शब्द सांगितली, तर ती कुठल्या तरी स्मरणिकेत किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलेली असण्याची दाट शक्यता आहे. तो एकच पुरावा धरायचा, तीन नव्हे. बोलून झाल्यावर घरात जुनी लग्नपत्रिका, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट आहे का ते विचारा. यांतलं पाकीट सगळ्यांत मोलाचं: पत्ता आणि तारीख दोन्ही एकाच कागदावर, आणि तारीख टपाल खात्यानं मारलेली.

महापालिकेचे ठराव

अलीकडच्या साठ-सत्तर वर्षांतल्या नावांचा सगळ्यात भक्कम पुरावा इथं असतो. महापालिकेत सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं नगरसचिव विभागाकडे असतात, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या सभा लिपिकाकडे. छत्रपती संभाजीनगरची महापालिका ८ डिसेंबर १९८२ ची. त्याआधीचे ठराव नगरपालिकेचे, म्हणजे ते अभिलेख कक्षात निराळ्या गठ्ठ्यांत. नांदेडची महापालिका १९९७ ची, लातूर आणि परभणीच्या २०११ च्या. आपल्या शहराचं हे साल आधी लिहून ठेवा, नाहीतर चुकीच्या दारावर हेलपाटे पडतात. निवडून आलेली सभा नसते त्या काळातले ठराव प्रशासकाच्या नावे असतात आणि त्यांची फाइल वेगळी असते.

इतिवृत्त वाचताना नुसती विषयपत्रिका चाळून थांबू नका. रस्ता-चौकांच्या नामकरणाचे प्रस्ताव फार वेळा ऐनवेळच्या विषयांत येतात. ते छापील विषयपत्रिकेत नसतात, इतिवृत्ताच्या शेवटच्या पानांवर सापडतात. ठरावातून या गोष्टी टिपा: ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक आणि अनुमोदक, आणि रस्त्याचं वर्णन. हे वर्णन जपून ठेवा. ते सहसा 'अमुक किराणा दुकानापासून तमुक यांच्या घरापर्यंत' अशा धर्तीचं असतं. दुकान उठून गेलेलं असतं, घराचं अपार्टमेंट झालेलं असतं, आणि मग नाव नेमकं कुठल्या तुकड्याला दिलं यावर वाद होतो. पायी फेरीत जुन्या दुकानांची नावं टिपली असतील तर ती इथं कामी येतात.

तीन तारखा कधीही एक समजू नका: ठरावाची, नामकरण सोहळ्याची आणि पाटी प्रत्यक्ष लागल्याची. ठराव होऊन पाटी कधीच न लागलेले रस्ते आहेत. उलटंही घडतं: मंडळानं आधी पाटी लावली आणि सभेनं नंतर कार्योत्तर मंजुरी दिली. पाटीवर सोहळ्याचं साल असतं, ठरावाचं नसतं.

कार्यालयात सहज दाखवलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जोडपत्र 'अ' चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'या रस्त्याला हे नाव का दिले?' असं विचारलं की अर्ज निकाली निघतो, कारण कायद्यानं असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. अर्जात असं मागा: अमुक रस्त्याच्या नामकरणासंबंधी अमुक साल ते तमुक साल या काळातला सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यासोबतची प्रस्तावाची टिप्पणी आणि नागरिकांच्या अर्ज-हरकतींच्या प्रती. साल निश्चित नसेल तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा आणि स्वतः बसून चाळा. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं. 'अभिलेख आढळून येत नाही' एवढंच उत्तर आलं तर तो अभिलेख कुठल्या वर्गात मोडतो आणि नष्ट केला असेल तर त्याची नोंद कुठे आहे, ते लेखी मागा. पुष्कळदा या दुसऱ्या पत्रानंतर गठ्ठा सापडतो.

मिळकत पत्रिका आणि खरेदीखत

नगर भूमापन झालं त्या वेळी प्रत्येक मिळकतीची चौकशी होऊन चौकशी नोंदवही तयार झाली, आणि तिच्यावरून मिळकत पत्रिका. पत्रिकेच्या माथ्यावर पेठ किंवा मोहल्ल्याचं जे नाव असतं ते भूमापनाच्या वेळचं. नंतर शहरानं कितीही नावं बदलली तरी पत्रिकेवरचं नाव तसंच राहतं. म्हणून तिला आजच्या नावाचा पुरावा मानायचं नाही. भूमापनाच्या सालाचा पुरावा म्हणून मात्र ती उत्तम.

त्याहून बारीक माहिती जुन्या खरेदीखतात मिळते. चतुःसीमा वाचा: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. 'सरकारी रस्ता' एवढंच असेल तर उपयोग नाही, पण शेजारच्या दोन-तीन मिळकतींची खतं पाहिली तर एखाद्यात नाव सापडतंच. लोक खरेदीखत दाखवायला कचरतात, आणि ते रास्त आहे. फक्त चतुःसीमेचा परिच्छेद पाहायचाय असं आधीच सांगा, किंमत आणि नावं झाकून फोटो घ्या, मूळ कागद त्यांच्यासमोरच परत करा. निजामी अमलाखाली राहिलेल्या शहरांत घर क्रमांक तीन आकड्यांचे असतात, मधे आडव्या रेघा. पहिले दोन आकडे विभागाचे. दोन कागदांत रस्त्याचं नाव वेगळं पण घर क्रमांक तोच असेल, तर एकाच जागेची दोन नावं सिद्ध झाली. इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

निजामी काळातले कागद

इथं दोन अडचणी येतात: साल आणि लिपी.

हैदराबाद संस्थानच्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली कारभाराचं, साल असतं. विसाव्या शतकातल्या कागदांपुरतं सूत्र असं: तिथलं फसली वर्ष आझूर महिन्यानं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला फसली सालात ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरमधल्या तारखेला ५९१. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. महिना वाचता आला नाही तर '१९३०-३१' असंच लिहा, एक साल निवडू नका. शिलालेखांवर हिजरी साल असतं. ते चांद्रवर्ष असल्यानं नुसती बेरीज चालत नाही: हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी १०७० चं उत्तर १६५९-६० येतं. एका वर्षाचा फरक राहू शकतो, म्हणून महिना असेल तर पंचांग-कोष्टकावर ताडून घ्या. शक सालात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. फसली आणि हिजरीची अदलाबदल ही सर्रास होणारी चूक आहे. १३४० हा आकडा हिजरी समजून वाचला तर उत्तर १९२१-२२ येतं. नऊ वर्षं घसरली.

लिपीचं असं की उर्दू-फारसी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. जालन्याचं कादराबाद कुणी कादिराबाद वाचतो, कुणी कदराबाद. त्यावरून इंग्रजी कारकुनानं स्वतःचं स्पेलिंग केलं आणि पुढे ते परत मराठीत आलं. म्हणून उर्दू कागद वाचून घेताना वाचणाऱ्याला नाव आधी सांगू नका. तो स्वतः काय वाचतो ते लिहून घ्या, मग दुसऱ्याकडून वाचून घ्या. देशमुख-देशपांड्यांच्या घरातल्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात. गावाचं नाव पुढच्या शब्दाला चिकटून तिसरंच काही तयार होतं. तिथंही दोन वाचक हवेत.

कागद कुठे आहेत, याचं उत्तर जिल्ह्यांच्या फेररचनेत दडलेलं आहे. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधीचे दप्तर शोधायला अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणीच्या नोंदी पाहाव्या लागतात. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादमध्ये. उदगीरच्या रस्त्याचा १९४० चा कागद धाराशिवला शोधून सापडायचा नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि संस्थानच्या वरच्या पातळीवरच्या दप्तरासाठी हैदराबादला तारनाका इथलं तेलंगणाचं राज्य पुराभिलेखागार आहे. सूचीत शोधताना त्या वेळची नावं वापरा: धाराशिवसाठी उस्मानाबाद, अंबाजोगाईसाठी मोमिनाबाद, खुलताबादसाठी रौजा. नगरपालिकेला 'बलदिया' म्हणत, तो शब्दही सूचीत शोधा.

१८८४ चं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर हा त्या शहरापुरता मोलाचा टप्पा आहे. शहराचे दरवाजे आणि पुरे त्यात नावानिशी आहेत. त्यात असलेलं नाव १८८४ च्या आधीचं, हे नक्की. नसलेलं नाव नंतरचंच, असं मात्र म्हणता येत नाही. गॅझेटियर लिहिणाऱ्यानं प्रत्येक गल्ली पाहिलेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी दैनिक 'मराठवाडा'चे अनंत भालेरावांच्या काळातले जुने अंक पाहावेत. बळवंत वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत आधी चौकशी करा. बातमीपेक्षा जाहिराती वाचा: दुकानदार जाहिरातीत पत्ता गिऱ्हाइकाला कळेल असाच देतो, म्हणजे त्या दिवशी बोलीत असलेलं नाव मिळतं.

नावाचा प्रकार पाहून अंदाज बांधा

कागद हाती येईपर्यंत नावाची जात ओळखली तर कुठल्या काळात शोधायचं ते कळतं. दरवाज्यांची नावं बहुधा दिशेची: दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला. भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधला. शहर वसवलं त्यानंतर दोनच वर्षांनी, गावाचं नाव खडकी असताना. पण प्रत्येक 'गेट' तटबंदीचं नसतं. शिवाजीनगर रेल्वे गेटसारखं रेल्वेचं फाटकही गेटच, आणि ते रूळ टाकल्याच्या आधीचं असूच शकत नाही.

पुऱ्यांची नावं हा संभाजीनगरचा खास ठेवा आहे. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहांचा, पदमपुरा त्यांचे पुत्र पदमसिंहांचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा, भावसिंगपुरा बुंदीच्या राव भावसिंहांचा. मोगली फौजेतले हे सरदार दक्षिणेत तळ ठोकून होते तेव्हा त्यांची माणसं, जनावरं, बाजार जिथं राहिले तिथं हे पुरे वसले. इथं पद्धत अशी: सरदार दक्षिणेत कधी आला ते साल म्हणजे नावाची खालची मर्यादा. मिर्झाराजे १६६५ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर आले आणि १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला वारले. पुऱ्याला त्यांचं नाव त्याच दोन वर्षांत पडलं असं सिद्ध होत नाही. वंशजांच्या काळातही पडू शकतं. म्हणून 'नाव १६६५ नंतरचं' एवढंच लिहा.

बाजाराची नावं हलत नाहीत, बाजार हलतो. धान्याचा ठोक व्यापार जाधववाडीला गेला तरी जुना मोंढा जुना मोंढाच राहिला. 'जुना' हा शब्द जोडला गेला ते साल शोधा: नवा मोंढा झाल्याशिवाय जुन्याला जुना म्हणायचं कारण नसतं, तेव्हा नव्याचं साल मिळालं की जुन्याच्या नावाचंही मिळालं. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. तिथं येऊन मिळणाऱ्या १६ रस्त्यांची नावं शोधताना त्या त्या रस्त्यावर कुठला धंदा होता हे आधी पाहावं.

राष्ट्रपुरुषांची, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या नेत्यांची नावं बहुतांशी १९४८ नंतरची धरून चाला आणि ठरावात शोधा. क्रांती चौकासारख्या ठिकाणी एका नावाखाली दुसरं सापडतं. १८५७ मध्ये उठाव करणाऱ्या घोडदळातल्या सैनिकांना जिथं मृत्युदंड दिला गेला तो काळा चबुतरा इथलाच. घटना १८५७ ची, 'क्रांती चौक' हे नाव मात्र कितीतरी नंतरचं. घटनेचं साल नावाला चिकटवणं ही रस्त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती पाट्यांवरही दिसते.

आकाशवाणी चौक, टीव्ही सेंटर, हॉटेलांवरून आणि पेट्रोल पंपांवरून पडलेली नावं क्षुल्लक मानू नका. त्यांना ठराव नसतो, पण इमारतीचं साल असतं, आणि लोक ठरावापेक्षा तीच जास्त वापरतात.

जातिवाचक वस्त्यांच्या नावांबाबत राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला. ती नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. इतिहास लिहिताना जुनं नाव कागदात होतं म्हणून तेवढ्यापुरतं नोंदवावं लागतं. मथळ्यात, नकाशावर किंवा पत्त्यात ते घेऊ नका. तिथं राहणाऱ्यांना विचारून मगच छापा.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक नावासाठी चार ओळी पुरतात: नाव आणि पर्यायी रूपं, पहिला उल्लेख (कागद आणि साल), शेवटचा उल्लेख, नावामागचं कारण. कारणापुढे तीनपैकी एक शब्द लिहा. 'कागदोपत्री' म्हणजे ठराव किंवा समकालीन नोंद आहे. 'संभाव्य' म्हणजे सालं जुळतात पण थेट नोंद नाही. 'ऐकीव' म्हणजे फक्त सांगोवांगी. ऐकीव कहाणी फेकून देऊ नका. कुणाकडून, कोणत्या पिढीकडून ऐकली ते लिहून ठेवा. उद्या एखादा कागद सापडला तर ती संभाव्यमध्ये जाईल. नमुना असा:

टिळकपथ. हद्द: पैठण गेट ते गुलमंडी. पहिला उल्लेख: (ठराव किंवा जाहिरात, तारीख). बोलीतली नावं: पैठण गेट, गुलमंडी. कारण: कागदोपत्री / संभाव्य / ऐकीव.

फोटोंच्या फाइलला रस्ता, घर क्रमांक आणि तारीख या क्रमानं नाव द्या. ओपनस्ट्रीटमॅपवर जुन्या आणि पर्यायी नावांसाठी स्वतंत्र जागा आहे, तिथं फक्त 'कागदोपत्री' नावं भरा; ऐकीव नाव एकदा नकाशावर चढलं की दहा ठिकाणी उतरतं आणि मग तोच पुरावा म्हणून तुमच्याकडे परत येतो. छापील प्रत शहरातल्या जुन्या ग्रंथालयात आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्या, पोच घ्या. रस्त्याच्या पाटीवर जुनं नाव कंसात यावं असं वाटत असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज करून त्याला दोन कागद जोडा: जुन्या नावाचा पहिला उल्लेख आणि आजच्या नावाचा ठराव. यांतला दुसरा कागद नसला की प्रस्ताव टिप्पणीतच अडकतो.